डाव्या पुडीची कणीक

१

पोळ्यांची कणीक भिजवायच्या कितीतरी आधी गोदावरीला पखवाजाची कणीक भिजवता यायला लागली होती. नांदेडच्या चौफाळा भागातल्या दोन खोल्यांत अण्णा पखवाजाची गवसणी सोडायला बसले, की ती वाटीत मूठभर कणीक घेऊन पाण्याचा हात लावायची. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पण थापली की जागची सरकू नये अशी. अण्णा आधी कणीक चिमटीत धरायचे, मग तिच्या कानाची पाळी. दोन्ही सारखी मऊ लागली की म्हणायचे, झाली. मग ती पखवाजाच्या डाव्या पुडीवर मधोमध पुरीएवढी थापायची. कोरड्या पुडीतून नुसता खडखडाट येतो. कणीक लागली की त्याच कातड्यातून घुमारा निघतो, जमिनीखालून आल्यासारखा. वाजवून झालं की चमच्याच्या पाठीनं ती खरवडायची आणि दारातल्या गायीला घालायची. ओली कणीक पुडीवर राहिली तर कातडं नासतं. अण्णांच्या घरात फारसे नियम नव्हते, हा एक मात्र कडक होता.

अण्णा म्हणजे रेणुकादास पखवाजी. कीर्तनाला, भजनाला, कुणाच्या गाण्याला, नांदेडात पखवाज म्हटलं की त्यांनाच बोलावणं यायचं. गोदावरीची आई लवकर गेली. तेव्हापासून घरात अण्णा, ती आणि पखवाज. बी.ए. झाल्यावर तिला लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत कारकुनाची जागा मिळाली, आणि त्याच दिवाळीत अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय जेमतेम राहिला, आणि वाचा पूर्ण बसली. ती त्यांना लातूरला घेऊन आली.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष होतं आणि पाऊस रुसून दुसरं. गावाबाहेरच्या माळावर सरकारी क्वार्टरांची एक लांबलचक ओळ उभी राहिली होती, तीही अर्धवट. सिमेंटवर मारायला पाणी नाही म्हणून गवंडी मध्येच निघून गेले होते. पुऱ्या झालेल्या खोल्यांत गोदावरीचं क्वार्टर शेवटचं. तिच्या भिंतीला लागून पुढचं क्वार्टर नुसतं उभं, ना दार ना गिलावा.

गोदावरीला या नवेपणाचा आधार वाटायचा. ती मुळातली दचकरी. कचेरीत हेडक्लार्क बापूसाहेब टपालावर मुद्दाम जोरात शिक्का आपटायचे, ती खुर्चीतून उडायची, आणि सगळं आवक-जावक टेबल हसायचं. पण या क्वार्टरात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ना जुनी विहीर, ना पिंपळ. सिमेंटचा वाससुद्धा अजून गेला नव्हता. इथं अजून कुणी मेलंही नव्हतं.

२

अण्णांचा एक खेळ होता. नवीन शिष्य आला की ते नुसत्या उजव्या हातानं बारा ठोके वाजवायचे. सगळे सारखे, सारख्या अंतरानं, कुठंही जोर नाही. मग भुवया उडवून विचारायचे, "किती?"

शिष्य बुचकळ्यात पडायचा. बारा ठोके तीन-तीनच्या चार पावलांनीही चालतात आणि चार-चारच्या तीन पावलांनीही. नुसत्या उजव्यावरून ते कळत नाही. शिष्य तीन म्हणाला की अण्णा डावा हात चारांवर घालायचे. चार म्हणाला की तिनांवर. तेच बारा ठोके, पण घुमारा पडला की एकदम दुसरीच चाल व्हायची, पायाखालची जमीन हलल्यासारखी. "उजवा नुसता बोलतो," अण्णा म्हणायचे, "खरं काय ते डावा सांगतो."

गोदावरी लहानपणी दर वेळी तीन म्हणायची आणि दर वेळी बरोबर यायची. आपल्याला हे जन्मतःच कळतं अशी तिची समजूत होती. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की अण्णा तिच्यापुरती लबाडी करतात. ती जे म्हणेल त्यावरच त्यांचा डावा हात पडायचा. तिनं तसं बोलून दाखवल्यावर ते हसले होते. टाळी धरणाऱ्याला कधी उघडं पाडायचं नसतं, एवढंच म्हणाले होते.

आता डावा हात नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की यांना जे येत होतं ते करायला लावा, नाहीतर माणूस आतल्या आत निघून जातो आणि कुठं गेला ते आपल्याला कळतही नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत गोदावरी घरी यायची आणि कॉटसमोर पखवाज ठेवायची. अण्णा उजव्या हातानं बारा ठोके वाजवायचे. ती समोर बसून तीन-तीनवर टाळी द्यायची. तिच्या प्रत्येक टाळीला त्यांची हनुवटी हलायची, आणि बारा संपून पहिल्या ठोक्यावर दोघं पोचली की ते मान वर करून तिच्याकडे बघायचे. पूर्ण ओळखीनं बघायचे. मग डोळे पुन्हा विझायचे.

तेवढ्या एका नजरेवर तिचा दिवस निघायचा. अण्णा अजून आहेत, हे तिला तेवढ्यावरूनच कळायचं.

३

पाडव्याला सुट्टी होती. कोरड्या डाव्या पुडीचा तो मुका गोल सकाळभर समोर बघून गोदावरीला राहवलं नाही. पिंपाच्या तळात पाणी होतं. तिनं त्यातलं भांडंभर घेतलं, कणीक भिजवली, सवयीनं स्वतःच्या कानाची पाळी चाचपून बघितली आणि पुडीवर थापली. वाजवायला हात नाही हे तिला ठाऊक होतं. सणाच्या दिवशी एखाद्याच्या नावानं पान वाढून ठेवावं, तसं ते होतं. तिनं अण्णांचा निर्जीव डावा हात उचलून कणकेवर ठेवला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. टँकर दोन दिवसाआड यायचा आणि थांबायचा पाव तास. हात काढून घ्यायला, कणीक खरवडायला सवडच नव्हती. ती दोन्ही हातांत हंडे घेऊन धावली. रांग, भांडणं, कुणाचा तरी पाइप ओढणं, चार खेपा. परत आली तेव्हा अण्णा आडवे होऊन झोपले होते. तीही दमून भुईवरच लवंडली. उठली तेव्हा दिवस कलला होता.

पुडीवरची कणीक तशीच होती. ओली होती.

त्या उन्हात धुतलेलं पातळ पाव तासात कडक होत होतं. उघड्यावर चार तास राहिलेली कणीक फाटून पापुद्रे निघायला हवे होते. हिच्यावर बोट ठेवलं तर बोट आत गेलं. मधोमध तळव्याचा खोल ठसा होता. तो अण्णांचाच असणार, तिनंच तर हात ठेवला होता. फक्त ठशाची बोटं अण्णांच्या कॉटकडे होती. अण्णा बसले की त्यांची बोटं पलीकडे जातील. हा हात समोरून आल्यासारखा दिसत होता.

घाईत मीच वेडावाकडा ठेवला असेन, तिनं मनाशी म्हटलं. चमच्यानं कणीक काढली. घालायला गाय नव्हती. माळावरची सगळी जनावरं छावणीला गेली होती. तिनं गोळा मागच्या अंगणात टाकला आणि सकाळपर्यंत तो तिथं दिसेनासा झाला. कुत्र्यानं नेला असेल.

४

दोन दिवसांनी, दुपारी, अण्णा वाजवत होते आणि ती टाळी देत होती. डावी पुडी कोरडी होती, गवसणीच्या फडक्यानं झाकलेली. तिसरं की चौथं आवर्तन चालू होतं. तेव्हा तिच्या तळपायांना काहीतरी लागलं. आधी पायांना लागलं, मग कानांना.

घुं.

भुईतून आल्यासारखं, खोल. पहिल्या ठोक्याला आलं, ठीक वाटलं. पुढचं चौथ्या ठोक्याला यायला हवं होतं, तिच्या टाळीबरोबर. आलं पाचव्याला. मग नवव्याला. मग फिरून पहिल्याला. कुणीतरी चार-चारची पावलं टाकत होतं.

तिची टाळी अडखळली. अण्णांचा हात थांबला नाही.

तिला लगेच कारण सापडलं. बोअरची गाडी. सगळ्या लातुरात त्या दिवसांत दिवसरात्र बोअर चालू होत्या. क्वार्टरांच्या मागंही एक येऊन उभी होती आणि तिच्या दणक्यांनी फळीवरची भांडी हलायची. यंत्रच ते, ते आपल्या ठेक्यानं ठोकणार. आपलं मन त्यात चार शोधतंय, एवढंच. तिनं घाम पुसला आणि पुन्हा तिनावर टाळी धरली. जड गेलं. वाहत्या गर्दीत उलटं चालताना जातं तसं.

कचेरीत जाताना ती मुद्दाम क्वार्टरांच्या मागून गेली. बोअरच्या जागी राखाडी भुकटीचा ढीग होता. शेजारच्या चौकीदारानं सांगितलं की गाडी मंगळवारीच चाकूरकडे गेली. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा लागला होता.

आज गुरुवार होता.

५

गोदावरी कचेरीत असताना अण्णांजवळ चांगुणाबाई बसायच्या. टँकरवरच्या नरसिंगची बायको, मूळची चाकूरची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेलं त्यांचं क्वार्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाई बोलघेवड्या आणि धीराच्या. अण्णांशी त्या एकट्याच तासन्‌तास बोलायच्या, मग म्हणायच्या, अण्णांनी एका शब्दानं मला आडवं लावलं नाही बघा, आमच्या मालकाला शिकवा म्हणावं जरा.

त्या संध्याकाळी त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, तोंडभर हसत.

"ताई, अण्णा बरे व्हायलेत की."

गोदावरीनं पिशवी खाली ठेवली. कशावरून, असं विचारलं.

"दोन्ही हातांनी वाजवायलेत आता. दोन दिस झाले. तुम्हाला सांगावं म्हणलं, पण म्हणलं तुमच्या ध्यानात आलंच असंल."

डावा हात हललेला तुम्ही डोळ्यांनी बघितला का, असं गोदावरीनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

"न्हाई, मी हिकडं चुलीपाशी ज्वारी निवडत होते. पण आवाज लपतो का ताई? मला तुमच्यातलं काई कळत न्हाई. पर पहिलं ते लंगडत होतं. आता कसं, नीट चालतंय."

गोदावरीनं भिंतीवर बोटानं बारा ठोके वाजवले. सारखे, बिनजोराचे. किती वाटतात, असं तिनं विचारलं. चांगुणाबाईंनी मान डोलावली, ओठांशी पुटपुटल्या आणि बिनदिक्कत म्हणाल्या, चार. मग तिच्या तोंडाकडे बघून जरा ओशाळल्या. सकाळी तुम्ही कणीक लावून गेलात, ती मी काढली न्हाई, तुमच्या कामाला हात कशाला लावू, असं म्हणून त्या गेल्या.

गोदावरीनं सकाळी कणीक लावली नव्हती.

तिनं फडकं उचललं. डावी पुडी कोरी होती. पण मधोमध पुरीएवढा ओलसर डाग होता आणि त्याला कच्च्या पिठाचा वास येत होता.

६

तिनं पखवाज गवसणीत घातला, दोरी आवळली आणि माळ्यावर टाकला. रविवार होता. चांगुणाबाईंना अण्णांजवळ बसवून ती आत पोळ्या करत होती. बारा वाजता लोखंडी कॉटच्या दांडीवर ठोके सुरू झाले. पखवाज नसला तर नसला, अण्णांच्या बोटांना दांडी पुरत होती.

आणि घुमारा आलाच.

पखवाज माळ्यावर होता. बोअर नव्हती. चांगुणाबाई अंगठ्यानं पानाला चुना लावत होत्या आणि मान हलवत होत्या, चारांवर. गोदावरी तशीच पिठाच्या हातानं बाहेर पडली. आवाज भिंतीपलीकडून येत होता, त्या अर्धवट क्वार्टरातून. कुणी गवंडी परत आला असेल. कुणी पोरं रिकामं पिंप बडवत असतील. असं ती स्वतःला सांगत गेली आणि चौकट नसलेल्या दारातून आत शिरली.

भर दुपार होती. छपराच्या भोकातून उन्हाचा चौकोन पडला होता. भुईवर सिमेंटची धूळ, कुणाचं पाऊल उमटलेलं नाही. ती आत आल्यावर आवाज थांबला. किंवा ती आत आली तेव्हा तो थांबलेलाच होता. पलीकडे दांडीवर अण्णांची बोटं तेवढी ऐकू येत होती, टकटक टकटक, भिंतीतून बारीक.

अण्णांच्या कॉटसमोरची भिंत तिला इथून, मागच्या बाजूनं दिसत होती. बिनगिलाव्याच्या विटा, वाळून पांढऱ्या पडलेल्या. मांडी घालून बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर एक गोल डाग होता. काळपट ओला. दोन वर्षं पाण्याचा थेंब न लागलेल्या भिंतीत.

तिला हात लावायचा नव्हता. तिनं बोट लावलं. वीट मऊ होती. कानाच्या पाळीइतकी.

  ती मागं मागं बाहेर आली, आणि घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की पिठाच्या हातांवरचं पीठ आता ओलं झालंय.

७

त्यानंतर अण्णा तिला सापडेनासे झाले.

ती टाळी द्यायची, त्यांची हनुवटी हलायची नाही. हलायची ती पाचव्या आणि नवव्या ठोक्याला, जिथं तिची टाळी नव्हती. बारा संपले की ते मान वर करायचे. पण नजर तिच्या खांद्यावरून भिंतीकडे जायची, आणि तिथं त्यांना कुणीतरी भेटायचं. तीच ओळख, तोच आनंद, जो आजवर तिच्या वाट्याचा होता. गोदावरीनं एकदा कॉट फिरवून बघितली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मान फिरवली.

ती त्यांना संडासाला नेताना धरायची. पाय, काठी, पाय, अशी त्यांची चाल होती, तीन ठोक्यांची. आता मध्ये एक थांबा यायला लागला. पाय, काठी, पाय, आणि एक रिकामी जागा. कुणाच्या तरी पावलासाठी सोडल्यासारखी. जेवताना घास चार वेळा चावायचे. झोपेत श्वाससुद्धा.

भीती तिला यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची वाटायला लागली होती. तिला स्वतःलाही तीन ऐकू येईना. कचेरीत बापूसाहेबांचा शिक्का चारांवर पडायचा. टंकयंत्र चारांवर. टँकरचा पंप, पाण्याच्या रांगेतल्या रिकाम्या कळश्या, तिच्याच चपला. ती रस्त्यानं पुटपुटत जायची, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि शाळकरी पोरी हसायच्या. थोड्या वेळानं तिच्या लक्षात यायचं की आपण चार म्हणतोय. एकदा दुसरं ऐकू आलं की पहिलं कुठं गेलं ते सापडत नव्हतं. ते खरंच होतं की नाही, याचीच शंका यायची.

ती बी.ए. झालेली मुलगी होती. मानसशास्त्राचा एक पेपर तिला होता. चित्रात आधी फुलपात्र दिसतं, मग दोन चेहरे दिसतात, हे ती शिकली होती. मन थकलं की असं होतं. जागा बदलली की जाईल. तिनं बापूसाहेबांकडे रजा मागितली. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, शिक्का हलकेच ठेवला आणि रजा दिली. शनिवारी दुपारी तीनची नांदेडची एसटी होती. नांदेडला गेलं की जुनी खोली, जुने लोक. तिथं अण्णा परत येतील. तिला त्यांची ती एक नजर परत हवी होती, बाकी कशाचीच आशा तिनं ठेवली नव्हती.

८

शनिवारी बारा वाजता ट्रंक बांधून झाली होती. पखवाज गवसणीत, दोरीनं बांधलेला, दाराशी. चांगुणाबाई वाटेसाठी भाकरी आणायला घरी गेल्या होत्या. गोदावरी अण्णांना सदरा घालत होती, तेव्हा त्यांनी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं.

त्यांनी तिचा तळवा उलटा केला आणि आपल्या मांडीवर ठेवला. मग त्यावर बोटांनी बारा ठोके वाजवले. सारखे, हळुवार, कुठंही जोर नाही. मान वर केली. नजर भिंतीवर गेली नाही. तिच्या डोळ्यांत आली.

"किती?" अण्णा म्हणाले.

सहा महिन्यांनी बोललेला तो पहिला शब्द. स्वच्छ, त्यांच्या जुन्या आवाजातला. भुवयासुद्धा तशाच उडाल्या. गोदावरीला रडू फुटलं आणि हसूही. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अण्णा पुन्हा वाजवायला लागले, तिच्या तळव्यावरून हात उचलून स्वतःच्या मांडीवर, आणि टाळीची वाट बघत राहिले. तिनं दोन्ही हात समोर धरले.

घुमारा भुईतून चढायला लागला. पहिला, पाचवा, नववा. तिच्या गुडघ्यांतून वर, दातांपर्यंत. तिनं डोळे मिटले. तीन, ती मनाशी म्हणत होती, तीन, मी लहानपणापासून तीन म्हणतेय, मला माहीत आहे. ती जिथं टाळी देईल तिथंच अण्णा येणार होते. टाळी धरणाऱ्याला त्यांनी कधी उघडं पाडलं नव्हतं. चौथ्या ठोक्यावर टाळी द्यायची होती, बाकी काही नाही. पहिला ठोका. दुसरा. तिसरा.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

गोदावरी दचकली. जशी शिक्क्याला दचकायची तशीच, सगळ्या अंगानं. चौथा ठोका निसटून गेला आणि हात एकमेकांवर पडले. पाचव्यावर.

टाळी आणि घुमारा एकाच वेळी झाले. दोन्हींत केसाचंही अंतर नव्हतं. आयुष्यात तिची टाळी इतकी चपखल कधी पडली नव्हती.

अण्णांनी मान वर केली आणि हसले. पूर्ण तोंडानं हसले, दिवाळीपासून लोंबणाऱ्या डाव्या गालासकट. मग त्यांचा उजवा हात मांडीवर जिथं होता तिथंच राहिला.

चांगुणाबाई भाकऱ्या घेऊन आल्या तेव्हा गोदावरी चमचा घेऊन बसली होती. अण्णांचा डावा तळवा चादरीवर उताणा होता. त्याच्या रेघांत, बोटांच्या बेचक्यांत ओली कणीक माखलेली होती. ती चमच्याच्या पाठीनं कणीक खरवडत होती, सावकाश, कातड्याला इजा होऊ नये अशी. वाजवून झाल्यावर ठेवायची नसते, असं तिनं चांगुणाबाईंना सांगितलं. गाय कुठं मिळेल का, असंही विचारलं.

९

तेराव्यानंतर ती परत आली. अण्णा नांदेडला ज्या देवळात वाजवायचे, तिथं पखवाज ठेवून आली होती. नोकरी होती, क्वार्टर होतं, दुसरं कुठं जाणार. लोक म्हणाले, रेणुकादासबुवा भाग्याचे, हसत गेले. नरसिंगनं तिच्यासाठी दोन हंडे जादा सोडले. बापूसाहेबांनी तिच्या टेबलाजवळ शिक्का मारणं बंद केलं. त्याची आता गरज नव्हती. गोदावरी कशालाच दचकत नव्हती.

पहिल्याच दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत घरी आली, सवयीनं. कॉट रिकामी होती. ती समोर भुईवर बसली. माळावर वारं नव्हतं.

बारा वाजता भिंतीतून ठोके आले. घुमारा नाही. नुसता उजवा हात. बोटाच्या टोकाशी किंचित खरखरणारा, हजारांत ओळखू येईल असा. सारखे, बिनजोराचे बारा ठोके. मग तो थांबला. आणि त्या थांबण्यामागचे, भुवया उडवलेले डोळे तिला दिसल्यासारखे झाले.

तिनं कान झाकले नाहीत. उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारलं जाईल, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा विचारलं गेलं. बारा, आणि थांबणं.

तीन म्हटलं तर काय होईल? कदाचित तिनांवरच हात पडेल. कदाचित सगळं मागं फिरेल, पाडव्याच्या आधीपर्यंत. तिनं जीभ टाळूला लावली. तिनं तीन ऐकायचा प्रयत्न केला, जीव तोडून केला. कुठंच नव्हतं ते. आणि जे ऐकू येत नाही ते अण्णांना सांगायची तिला सवय नव्हती.

"चार," गोदावरी म्हणाली.

आणि तिचं उत्तर चुकू नये म्हणून, लहानपणी यायचा तसाच, डावा हात आला. भिंतीतून नाही. तिच्या अगदी शेजारून.